फॅलोचे चतुष्क

हृदयाचा एक जन्मजात विकार. जन्मतः हृदयविकार असलेल्या दर शंभर मुलांपैकी सुमारे ७ ते १० जणांना तो असतो. घरात त्याला ‘हृदयाला भोक’ एवढेच म्हटले जाते. पण भोक हा त्याचा चौथा हिस्सा, आणि मुलाची अवस्था ठरवणारा तर नव्हेच.

गर्भाच्या पहिल्या दोन महिन्यांत हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या वाहिन्यांमध्ये पडदा तयार होतो. तो पुढे सरकला की सारे बिघडते. फुप्फुसाकडची वाट अरुंद होते, दोन निलयांमध्ये (खालच्या कप्प्यांमध्ये) छिद्र राहते आणि महारोहिणी त्या छिद्रावर स्वार होते. अरुंद वाटेतून रक्त ढकलताना उजव्या निलयाची भिंत जाड होते, तो चौथा दोष. म्हणजे दोष चार मोजले जातात, चूक मुळात एकच. वाट जितकी अरुंद, तितके अशुद्ध रक्त छिद्रातून थेट महारोहिणीत जाते आणि मूल निळे पडते.

हा निळेपणा सावळ्या कातडीवर चटकन दिसत नाही. जीभ, हिरड्या आणि नखे पाहावी लागतात. रक्तक्षय असलेल्या मुलात तो आणखी लपतो, कारण निळा रंग दिसायला पुरेसे हिमोग्लोबिनच नसते. मूल दूध पिताना दमते. थोडे मोठे झालेले, शस्त्रक्रिया न झालेले मूल खेळता खेळता उकिडवे बसते. ही खोड नव्हे. तसे बसल्याने शरीरातील वाहिन्यांचा रोध वाढतो आणि जास्त रक्त फुप्फुसाकडे वळते. रडताना किंवा शी करताना बाळ एकाएकी काळेनिळे पडले, तर त्याचे गुडघे छातीशी धरतात, तेही याच कारणाने, आणि लगेच रुग्णालय गाठतात. हृदयातला खरखर आवाज छिद्राचा नसून अरुंद वाटेचा असतो. बाळ असे एकाएकी काळेनिळे पडले असताना तो आवाज मंदावला, तर फुप्फुसाकडे रक्त जवळजवळ जातच नाही असा त्याचा अर्थ. निदान इकोने पक्के होते.

डेन्मार्कच्या निल्स स्टेनसेनने १६७१ मध्ये या रचनेचे वर्णन केले होते. नाव मात्र मार्सेयच्या आर्थर फॅलोचे लागले. त्याने १८८८ मध्ये ‘निळ्या आजारा’चा हा खुलासा मांडला. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात, फुप्फुसाकडे जास्त रक्त जावे म्हणून, हाताकडची रोहिणी फुप्फुसरोहिणीला जोडण्यात आली. कल्पना हेलन टॉसिग यांची, सुरी आल्फ्रेड ब्लेलॉक यांची. पण ती जोडणी कुत्र्यांवर प्रयोग करून बसवली होती व्हिव्हियन थॉमस या कृष्णवर्णीय तंत्रज्ञाने. त्याच्याकडे वैद्यकाची पदवी नव्हती. शस्त्रक्रियेच्या वेळी तो ब्लेलॉक यांच्या मागे उभा राहून सूचना देत होता. त्या जोडणीला त्याचे नाव मिळायला कित्येक दशके लागली. दोष मुळातून दुरुस्त करणारी पहिली शस्त्रक्रिया वॉल्टन लिलेहाय यांनी १९५४ मध्ये मिनेसोटात केली.

आता ही दुरुस्ती बहुधा पहिल्या वर्षातच होते : छिद्राला ठिगळ, वाट रुंद. काही बाळांना आधी तात्पुरती जोडणी लागते. भारतात २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळेतील मुलांची अशा विकारांसाठी तपासणी होते. वाट रुंद करताना फुप्फुसाकडची झडप बरेचदा गळकी राहते, म्हणून वाढत्या वयातही इको आणि ईसीजी चालू ठेवावे लागतात. झडप बदलायची झाली, तर २००० पासून काही रुग्णांत ती छाती न उघडता मांडीच्या शिरेतून बसवता येते.