अकरावीचा फॉर्म भरण्याआधी : कोणत्या वाटेला कोणते विषय?

दहावीचा निकाल लागला की घराघरांत एकच प्रश्न असतो, आता पुढे काय? बरेचदा उत्तर मित्रच देतात, "मॅथ्स कठीण आहे, सोडून दे." पण अकरावीत सोडलेला एक विषय बारावीनंतर अख्खी वाट बंद करू शकतो.

मर्चंट नेव्ही : आपल्या किनाऱ्यावरच्या मुलांचं हे जुनं स्वप्न. अधिकारी व्हायचं तर बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स हवेत. तिन्हींची सरासरी ६० टक्के आणि दहावी किंवा बारावीच्या इंग्रजीत ५० टक्के लागतात. रंगांधळेपणा चालत नाही, म्हणून डोळे आधीच तपासून घ्या.

डॉक्टर, बीएस्सी नर्सिंग : बायोलॉजी हवीच.

इंजिनिअरिंग : मॅथ्स घ्या. दहावीनंतर थेट डिप्लोमा करायचा तर मालवणलाच शासकीय तंत्रनिकेतन आहे.

फार्मसी : मॅथ्स किंवा बायोलॉजी, दोन्ही चालतात.

सीए : कोणत्याही शाखेतून होता येतं, कॉमर्सचा पाया मात्र उपयोगी पडतो.

सायन्स घ्यायचंय पण नक्की ठरत नसेल, तर मॅथ्स आणि बायोलॉजी दोन्ही ठेवा. अभ्यास वाढेल, पण वाटा खुल्या राहतील. आणि फॉर्म भरण्याआधी मुलाला, मुलीलाही, शेजारी बसवून विचारा. शिकायचं त्यांनाच आहे.