नामदेवांच्या घरातल्या बायका

आपल्यातल्या कितीतरी जणी पंढरीला जाऊन आल्यात. महाद्वारातल्या नामदेव पायरीवर पाय पडू नये म्हणून आपण जपतो. आज त्या पायरीआधीची, नामदेवांच्या नांदत्या घराची गोष्ट सांगते.

नामदेवांचा काळ 1270 ते 1350 असा मानतात. घर शिंप्याचं. वडील दामाशेटी, आई गोणाई, बायको राजाई, चार मुलगे, सुना, लेक लिंबाई, बहीण आऊबाई, आणि लहानपणी गंगाखेडहून येऊन राहिलेली जनी. चौदा-पंधरा माणसं एका चुलीवर. भाकरी किती लागत असतील, हा हिशेब तुम्ही माझ्याआधी कराल.

या घरातल्या बायकांच्या नावावरही अभंग आहेत. ते तोंडोतोंडी आले, मग वह्यांत उतरले, त्यामुळे शब्द न् शब्द त्यांचाच असं कुणी छातीठोक सांगू नये. पण त्यात घरातलं बोलणं आहे, हे ऐकताच कळतं.

नामदेव दिवसदिवस देवळात. कापडाच्या धंद्याकडे लक्ष नाही, घरात दाण्यांची ओढ. गोणाई थेट विठ्ठलाशीच भांडते, माझा मुलगा मला परत दे म्हणून. राजाई देवाकडे जात नाही, ती रखुमाईला गाठते. तुझ्या नवऱ्यानं माझ्या नवऱ्याला नादी लावलं, जरा आवर त्याला, अशा अर्थाचं तिचं गाऱ्हाणं आहे. सासू देवाशी भांडते, सून देवीशी बोलते. दोघींचं दुखणं एकच, पण त्या एकमेकींजवळ बसून बोलल्या असतील का, असं मला नेहमी वाटतं.

आणि जनी. तिच्या नावावर तीनशेवर अभंग आहेत. दळण, कांडण, शेणी वेचणं, पाणी भरणं, झाडलोट, सगळं त्यात येतं. विठ्ठल तिच्यासोबत जात्यावर बसतो, तिची वेणीफणी करतो. हे मी लहानपणापासून भक्ती म्हणूनच ऐकत आले. लग्न होऊन आले तेव्हा आमच्याकडे जातं चालू होतं. आजेसासूबाईंच्या समोर खुंटा धरून बसले, आणि एकटीनं ओढणं म्हणजे काय ते हातांना कळलं. परवा जनीचा विषय निघाला, तेव्हा सासूबाई पटकन बोलून गेल्या, "पंधरा माणसांच्या घरात खुंट्याला दुसरा हात लावायला कुणी नव्हतं, म्हणून देवाला यावं लागलं." मी गप्पच बसले. जनी घरची होती, पण सून नव्हती, लेक नव्हती. स्वतःला ती नामयाची दासीच म्हणवते.

परंपरा सांगते की 1350 साली नामदेवांनी महाद्वारात समाधी घेतली, तेव्हा घरची सगळी माणसं त्यांच्यासोबत गेली, जनीसुद्धा. एक सून तेवढी मागे राहिली, लाडाई. ती बाळंतपणाला माहेरी गेली होती. तिच्याही नावावर अभंग आहे. सगळे गेले आणि मला एकटीला का ठेवलं, असं ती त्यात देवाला विचारते.