केळशीची वाट आणि दुचाकीची पारख

केळशी हे दापोली तालुक्यातील, भारजा नदीच्या मुखाशी वसलेले गाव. महालक्ष्मीचे घुमटाकार देवालय, याकूबबाबांचा दर्गा आणि खाडीच्या तोंडाशी असलेले वाळूचे प्रचंड टेकाड या तीन गोष्टींमुळे ते बाहेरच्या जगाला ठाऊक झाले असले, तरी ज्यांना तेथे राहावयाचे आणि प्रसंगी तेथून बाहेर पडावयाचे असे, त्यांच्या लेखी गावाची खरी ओळख तेथे पोहोचण्याच्या कष्टांवरून ठरत असे. गिरगावात चाकरी करणारा केळशीकर शिमग्याला किंवा चैत्रातल्या देवीच्या उत्सवाला निघाला, की तो प्रथम आगबोटीने हर्णै अथवा बाणकोटपर्यंत येई, बंदरात धक्का नसल्यामुळे आगबोट दूर समुद्रात उभी राही, तेथून पडावात उतरून किनारा गाठावा लागे, आणि मग डोक्यावर ट्रंक घेऊन पायवाट व पाखाड्या तुडवीत, किंवा नशीब बलवत्तर असल्यास बैलगाडीतून, घर जवळ करावे लागे.

या प्रवासात वाहनाची पारख करणारा मनुष्य प्रवासी नव्हे, तांडेल होता. वारा कोणत्या दिशेचा, पडावात किती माणसे घ्यावयाची, म्हातारी बाई मध्ये बसवायची की काठाला, या प्रश्नांचा निकाल तांडेल देई आणि त्याविरुद्ध अपील नसे. सुरक्षितता ही त्या काळी माणसाच्या अंगची गोष्ट होती. ती वस्तूत मुरलेली असू शकते, लाकडात वा लोखंडात आगाऊ घडवून ठेवता येते, ही कल्पना कोकणाच्या किनाऱ्यावर फार उशिरा आली. 17 जुलै 1947 रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ही आगबोट काशाच्या खडकाजवळ उलटून सहाशेहून अधिक माणसे बुडाली, तेव्हा पावसाळ्यात उतारूंनी भरलेली बोट एका बाजूस कलली म्हणजे काय होते हे किनाऱ्यावरील घराघराला समजले. आणि तरीही पुढील कित्येक वर्षे प्रवासाला निघणाऱ्याने बोटीची चौकशी केली ती वेळेची आणि भाड्याची.

समुद्राची सद्दी संपून रस्त्याचा अंमल सुरू झाला तो हळूहळू. एस. टी. ची वस्तीची गाडी, मग दुरुस्त झालेले साकव, मग खाडीवरचे पूल. केळशीच्या वाळूच्या टेकाडाचा उल्लेख येथे करावासा वाटतो, कारण ते प्रथम अभ्यासकांच्या नजरेत भरले ते पुलाच्या कामासाठी त्याचा भाग कापला गेल्यानंतर. डेक्कन कॉलेजचे अशोक मराठे यांनी त्यातील थरांचा, मडक्यांचा आणि अस्थींचा अभ्यास करून समुद्राच्या एका जुन्या उत्पाताचा माग काढला. ज्या रस्त्याने दुचाकी गावात आली, त्याच रस्त्याच्या निमित्ताने गावाचा भूतकाळ उघडा पडला, हा योगायोग मला मोठा अर्थपूर्ण वाटत नसला तरी मनोरंजक खचित वाटतो. पुढे 2003 साली दाभोळ आणि धोपावे यांच्या दरम्यान वाहने नेणारी फेरीबोट सुरू झाली, नंतर उत्तरेस वेसवी आणि बागमांडला यांच्या दरम्यानही तशी सोय झाली, आणि जेथे पूर्वी माणूस पडावात बसत असे तेथे आता तो आपल्या गाडीसकट बोटीत चढू लागला.

ही गाडी म्हणजे बहुधा दुचाकी. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या तीन तपांत आपल्या देशात मोटारसायकल घेणाऱ्यापुढे नावे होती ती बोटांवर मोजण्याइतकी: सैन्याच्या मागणीवरून आलेली आणि 1955 पासून मद्रासेत जुळू लागलेली एनफिल्डची बुलेट, म्हैसुरात बनणारी जावा व तिचीच पुढची येझदी, आणि एस्कॉर्ट्सची राजदूत. या यंत्रांविषयी आज जे प्रेमाने बोलले जाते ते खोटे नाही. परंतु सुरक्षिततेच्या दृष्टीने पाहू जाता त्यांची रचना परस्परांहून इतकी भिन्न होती की एकीवर मुरलेला हात दुसरीवर धोक्याचा ठरावा. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी असे. जावाचा प्रकार नेमका उलटा. मित्राची गाडी घटकाभर मागून आणणाऱ्या माणसाने वळणावर गाय आडवी आली असता सवयीने उजवा पाय दाबावा आणि गाडी थांबण्याऐवजी तिचा गिअर बदलावा, ही आपत्ती त्या रचनेतच अंतर्भूत होती. दिव्यांची कथा याहून करुण. यातील बहुतेक गाड्यांचा दिवा सहा व्होल्टच्या विजेवर चाले आणि इंजिनाची गती मंदावली की प्रकाशही मंदावे; म्हणजे अमावास्येच्या रात्री घाटातील वळणापाशी शहाणा चालक जो गाडीचा वेग कमी करी, त्याच क्षणी त्याच्या पुढची वाट काळोखात बुडे. उतावळ्याला उजेड आणि सावधाला अंधार, असा हा न्याय होता!

असे असूनही त्या काळच्या ग्राहकाने या दोषांची चिकित्सा केली नाही, याचे कारण त्याच्या बेपर्वाईत शोधणे अन्यायाचे होईल. ज्याला बजाजच्या स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे प्रतीक्षा करावी लागे, ज्याच्या मुलीच्या जन्माच्या सुमारास केलेली नोंदणी तिच्या शाळाप्रवेशानंतर फळास येई, त्याने कारखानदाराला ब्रेकविषयी प्रश्न विचारावा अशी अपेक्षा कोणी करावी? दुष्काळात धान्याचा दर्जा कोणी पाहत नाही. परवान्यांच्या त्या राज्यात गाडी निवडली जात नसे, ती मिळत असे. आणि मिळालेल्या वस्तूच्या तपशीलपत्रकाचे वाचन करण्याची चाल समाजात रुजत नाही.

निवड जन्माला आली ती 1984 आणि 1985 या दोन वर्षांत, जपानी कारखानदारांशी झालेल्या भागीदाऱ्यांमधून. इंड-सुझुकी, हिरो होंडाची सीडी हंड्रेड, यामाहाची आरएक्स हंड्रेड, पाठोपाठ कावासाकी बजाज. हलक्या, सहज सुरू होणाऱ्या आणि थोड्या इंधनात पुष्कळ धावणाऱ्या या गाड्यांनी दुचाकी शहरातून तालुक्याच्या गावी आणि तालुक्यातून केळशीसारख्या आडवाटेच्या गावी नेली. प्रश्न विचारण्याची सवयही तेव्हाच लागली, पण पहिला आणि बहुधा शेवटचा प्रश्न एकच असे: अॅव्हरेज किती देते? ज्या घरात आंब्याच्या हंगामावर वर्षाचे गणित बसवावे लागते तेथे हा प्रश्न क्षुद्र म्हणता येणार नाही. तथापि एका लिटरमागे धावणाऱ्या किलोमीटरांचा आकडा तपशीलपत्रकाच्या माथ्यावर असा काही आरूढ झाला, की त्याखालच्या ओळी वाचण्याची गरजच कोणास भासेना.

त्या खालच्या ओळींचा इतिहास विलायतेत बराच आधी सुरू झाला होता. 1935 च्या मे महिन्यात टी. ई. लॉरेन्स हा विख्यात इंग्रज सैनिक-लेखक मोटारसायकलच्या अपघातात डोक्यास मार लागून मरण पावला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शस्त्रवैद्य होते. त्यांनी पुढे सैन्यातील दुचाकीस्वारांच्या मृत्यूंचा अभ्यास करून 1941 साली शिरस्त्राणाची उपयुक्तता मांडली, आणि ब्रिटिश सैन्यात स्वारांवर त्याची सक्ती झाली. आपल्याकडे 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 129 व्या कलमाने चालविणारा आणि मागे बसणारा अशा दोघांसही हेल्मेट आवश्यक ठरविले, आणि त्यानंतर महाराष्ट्रात, विशेषतः पुण्यात, त्या सक्तीविरुद्ध जे युक्तिवाद झाले त्यांचे संकलन केल्यास एक स्वतंत्र विनोदी ग्रंथ होईल. केळशीत विरोधाची तेवढी विद्वत्ता नव्हती. तेथे दमट उकाडा हे कारण पुरेसे होते, आणि गावातल्या गावात कशाला, हे दुसरे.

परंतु शिरस्त्राण अपघात घडून गेल्यावर उपयोगी पडते. अपघात टाळण्याचे काम ब्रेकचे. या बाबतीत आपल्या ग्रामीण चालकाच्या मनात एक ग्रह पिढ्यान्‌पिढ्या घट्ट बसला आहे, की पुढचा ब्रेक दाबला तर माणूस हँडलवरून उलथून पडतो, सबब तो शिवूच नये. वस्तुस्थिती अशी की गाडीचा वेग रोखला जाऊ लागला की तिचा भार पुढच्या चाकावर येतो, मागचे चाक हलके पडते, आणि थांबविण्याचे सामर्थ्य बहुतांशी पुढच्या चाकात एकवटते. 1981 साली अमेरिकेत हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिस परिसरातील नऊशे अपघातांची जागेवर जाऊन केलेली तपासणी प्रसिद्ध झाली, तीतही संकटकाळी स्वार मागचा ब्रेक अतिरेकाने आणि पुढचा अपुरा वापरतात असे आढळले. तेव्हा हा दोष केळशीचा नाही, मनुष्यस्वभावाचा आहे. पण त्या ग्रहात तथ्यांशही आहे: घाबरलेल्या हाताने पुढचे चाक जखडले की दुचाकी तत्क्षणी आडवी होते. या पेचातून सुटका केली ती एबीएस या योजनेने. चाकाजवळील दातेरी चकतीवरून त्याच्या फिरण्याची गती अखंड मोजली जाते, चाक जखडणार असे दिसताच ब्रेकचा दाब क्षणभर सैल करून पुन्हा दिला जातो, आणि हे एका सेकंदात अनेकवार घडते. 1978 साली मोटारींत आलेली ही योजना बीएमडब्ल्यूने 1988 साली मोटारसायकलीवर बसविली. आपल्या देशातील गाड्यांवर ती 2011 च्या सुमारास दिसू लागली, आणि 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीहून मोठ्या सर्व नव्या दुचाकींस ती अनिवार्य झाली. त्याहून लहान गाड्यांस सीबीएस, म्हणजे एका ब्रेकसरशी दोन्ही चाकांवर दाब वाटून देणारी साधी जोडणी, पुरेशी मानली गेली. आणि केळशीसारख्या गावातील बहुसंख्य गाड्या या लहान वर्गात मोडतात हे विसरून चालणार नाही.

याच्या दोन वर्षे आधी, एप्रिल 2017 पासून, दिवसाही पेटता राहणारा दिवा आला. त्या वर्षी समोरून येणारा प्रत्येक परोपकारी मनुष्य हाताची बोटे उघडमीट करून ‘लाईट चालू आहे’ अशी खूण करी, आणि नव्या गाडीचा मालक मान हलवून हलवून थके. सुरूच्या बनातून किंवा आंब्याच्या दाट छायेतून येणारी दुचाकी समोरच्या टेम्पोवाल्यास दहा पावले आधी दिसावी, यासाठी इतकी स्वस्त आणि मुकाट दुसरी सोय मला ठाऊक नाही.

आता असे तपशीलपत्रक दापोलीच्या शोरूममध्ये हाती घेऊन केळशीच्या वाटेशी ताडून पाहावे. ताशी 50 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे 14 मीटर जाते, आणि मनुष्याला संकट दिसून त्याचा हात ब्रेकवर येईपर्यंत हा सेकंद सहज खर्ची पडतो. गावातील जांभ्याच्या गडग्यांमधून जाणाऱ्या गल्लीत समोरचे चौदा मीटर दिसण्याचीच मारामार. पावसाळ्यात कातळावर शेवाळ चढते, हर्णैहून मासळी नेणाऱ्या टेम्पोतून बर्फाचे तेलकट पाणी रस्त्यावर ठिबकते, उन्हाळ्यात वळणावर जांभ्याची लाल खडी पसरलेली असते. ओल्या डांबरावर एबीएस अमृतासमान. सुट्या खडीवर मात्र त्याने गाडी थांबण्याचे अंतर किंचित वाढू शकते, कारण जखडलेले चाक आपल्यापुढे खडीचा बांध रचते आणि फिरते चाक तो रचू देत नाही. तेव्हा ही योजना घ्यावी, पण तिच्या भरवशावर खडीत वेगाने शिरू नये. खाऱ्या हवेने डिस्कवर गंज चढतो, ब्रेकची तार नळीत घट्ट बसते, आणि चार महिने पडवीत उभी राहिलेली चाकरमान्याची गाडी गणपतीत बाहेर काढली जाते तेव्हा तिच्या पत्रकातील सारे गुण कागदावरच राहिलेले असतात. टायरची पकड, ट्यूबलेस असल्यास हळूहळू उतरणारी हवा, दोन्ही पाय जमिनीस टेकतील इतकीच बैठकीची उंची, या गोष्टी अश्वशक्तीच्या आकड्याहून मी वरच्या मानीन. उतारावर थांबताना ज्याचा पाय पोहोचत नाही त्यास अश्वशक्ती काय करणार?

परंतु या सर्व तपशिलांत एका व्यक्तीची नोंद क्वचितच असते, ती म्हणजे मागे बसणारी. कोकणात दुचाकी ही एकट्याची वस्तू नाही. तिच्यावरून आई दवाखान्यात जाते, बहीण कॉलेजला जाते, आणि नेसत्या लुगड्यानिशी, दोन्ही पाय एकाच बाजूस सोडून, मांडीवर मूल घेऊन बसलेली स्त्री हे आपल्या रस्त्यावरचे सर्वांत परिचित दृश्य. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील 123 व्या नियमाने तिची दखल घेतली हे त्या नियमकर्त्यांचे भूषण होय: मागे बसणाऱ्यास धरावयास कायमची मूठ, पाय ठेवण्यास आधार, आणि वस्त्र चाकात गुंतू नये म्हणून निदान अर्धे मागचे चाक झाकणारे कवच असल्याखेरीज दुचाकी बनवू नये, असा तो नियम. हे साडी गार्ड विलायती पत्रकांत नसणारे, शुद्ध आपल्या मातीतून उपजलेले सुरक्षासाधन; आणि रूपास बाधा आणते म्हणून पासिंग होताच जे काढून पडवीच्या कोपऱ्यात टाकले जाते तेही तेच. विम्याच्या दस्ताची गोष्टही अशीच आहे. कायद्यापुरता जो किमान विमा घेतला जातो, त्यात मागे फुकट बसलेल्या माणसाची जोखीम येत नाही असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली दिला. तथापि थोडे पैसे वाचविण्यासाठी तोच किमान विमा पसंत करणारे जे गृहस्थ आहेत, त्यांच्या मागे रोज घरचेच कोणी तरी बसलेले असते.

2022 साली भारतातील रस्त्यांवर 1,68,491 माणसे मृत्यू पावली आणि त्यांत दुचाकीवरील माणसांचा वाटा जवळजवळ 45 टक्के होता. जून 2025 मध्ये केंद्र शासनाने जो मसुदा प्रसिद्ध केला, त्यात लहान दुचाकींसही एबीएस लावण्याची आणि प्रत्येक नव्या गाडीबरोबर एकाऐवजी दोन हेल्मेट देण्याची तरतूद सुचविली आहे. चर्चा झाली ती पहिल्या तरतुदीची, कारण तिने गाडीची किंमत वाढते. मला दुसरी अधिक मोलाची वाटते, कारण केळशी फाट्यावर उभे राहून पाहिले असता पुढच्या डोक्यावर हेल्मेट थोडेबहुत दिसू लागले आहे, मागच्या डोक्यावर अजून पदरच आहे.