गाजर गवत आधी, की करार आधी?

आमच्या सोमेश्वरनगरला नीरा डाव्या कालव्याच्या कडेनं चाला, नाहीतर उसाचे बांध बघा. बारीक पांढऱ्या फुलांचं एक झाड दिसणारच. गाजर गवत, म्हणजेच काँग्रेस गवत. सगळे सांगतात, हे पीएल-४८० च्या अमेरिकन गव्हातून आलं. आज तेच तपासू.

त्यासाठी आधी एका इंजिनिअरला भेटू. थिओडोर कुक हा आयरिश माणूस रेल्वेच्या कामासाठी भारतात आला आणि पुढे पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा, म्हणजे आजच्या सीओईपीचा, प्रिन्सिपल झाला. मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १९०१ ते १९०८ दरम्यान छापला गेला. झाड ओळखायची वनस्पतिशास्त्राची रीत माझ्यासारख्या कोडिंगवाल्याला लगेच पटते. पानं समोरासमोर की एकाआड एक? पान अखंड की कातरलेलं? प्रत्येक उत्तरानं पुढचा रस्ता ठरतो. चक्क इफ-एल्स!

कुकच्या ग्रंथात गाजर गवत नाही. पुण्यात ते १९५५ च्या सुमारास दिसलं. आर. एस. राव यांनी १९५६ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या जर्नलमध्ये त्याची भारतासाठी नवीन म्हणून नोंद केली. आणि पीएल-४८० चा भारताशी करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. म्हणजे झाड आधी, करार नंतर! अमेरिकेचा गहू १९५१ मध्येही आला होता; बी त्यातून आलं असू शकतं. पण त्या कराराच्या माथी हे खापर फोडता येत नाही.

आता ओळख. कोवळं रोप जमिनीलगत गोल पसरतं. पानं गाजरासारखी, दोनदा कातरलेली. खोडावर उभ्या रेघा आणि बारीक लव. फुलाचा गेंद जेमतेम ४ मिलिमीटर, त्याला पाच कोपरे. गाजराची फुलं छत्रीसारखी येतात, याची तशी नाहीत.

हे का शिकायचं? उगवल्यावर साधारण महिन्याभरात ते फुलायला लागतं आणि एक झाड हजारो बिया टाकतं. शिवाय त्यानं अंगाला खाज सुटते, चट्टे उठतात, काहींना दम्याचा त्रास होतो. हे सोसतात खुरपायला जाणाऱ्या आपल्या आया-मावश्या. म्हणून फूल यायच्या आत, पानावरूनच ओळखा, हातमोजे घाला आणि मुळासकट उपटा.

भेटू पुढच्या भागात!