स्टेशन, इंटरचेंजजवळचं गाव 'विकास केंद्र' कसं होतं? ग्रामपंचायतीने काय करावं, शेतकऱ्याने काय तपासावं

गावाजवळ महामार्गाचा इंटरचेंज किंवा रेल्वे स्टेशन होणार असं कळलं की नकाशाच्या आधी एजंट गावात येतात. 'तुमचं गाव आता शहर होणार' असं सांगत सातबारे बघितले जातात, इसार दिला जातो. पण एखादं गाव वाढीचं ठिकाण म्हणून जाहीर होण्याची कायद्यात ठरलेली पद्धत आहे. ती माहीत असेल तर गावाला मागणीही करता येते आणि घाईत जमीनही जात नाही.

ठरवतं कोण?
महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 या कायद्यानुसार प्रादेशिक योजना तयार होते. कुठली जमीन शेतीची, कुठली रहिवासी, रस्ते कुठून, नवीन शहराला जागा कुठे, हे त्यात दाखवतात. योजनेला मंजुरी राज्य सरकार देतं. मंजूर योजनेत बदल करायचा असेल तर कलम 20 खाली तोही सरकारच करतं आणि त्याआधी लोकांच्या हरकती-सूचना मागवाव्या लागतात. म्हणजे ग्रामपंचायतीचा ठराव ही मागणी असते, मंजुरी नव्हे.

दुसरा मार्ग कलम 40 चा. यात सरकार ठराविक भागासाठी विशेष नियोजन प्राधिकरण नेमतं. मग त्या भागाचा आराखडा आणि बांधकाम परवानगी त्या प्राधिकरणाकडे जाते.

समृद्धीचं उदाहरण
मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा असून 10 जिल्ह्यांतून जातो. 5 जून 2025 पासून तो पूर्ण सुरू झाला. इंटरचेंजजवळ कृषी समृद्धी नगरं वसवायची, अशी ही योजना. सुरुवातीला भूसंचय पद्धत पुढे आली. जमीन द्यायची आणि बदल्यात जिरायतीला 25 टक्के, बागायतीला 30 टक्के विकसित जमीन घ्यायची. बऱ्याच गावांनी विरोध केला. नंतर महामार्गाच्या जमिनीसाठी थेट खरेदीचा पर्याय आला. रस्ता पूर्ण झाला म्हणून नगर लगेच उभं राहत नाही, हे इतर गावांनी ध्यानात घ्यावं.

मेट्रोच्या शहरात नियम आणखी वेगळे. पुणे आणि नागपूरला मेट्रो स्टेशनपासून 500 मीटरच्या पट्ट्यात जादा चटई क्षेत्र मिळतं. हा नियम तालुक्याच्या गावातल्या रेल्वे स्टेशनला आपोआप लागू होत नाही. एजंट तसं सांगत असेल तर ते खोटं आहे.

ग्रामपंचायतीने काय करावं?
1. आधी जिल्ह्याच्या नगररचना कार्यालयातून गावाचा मंजूर योजनेतला नकाशा बघावा.
2. ग्रामसभेत विषय घ्यावा. 15 टक्के किंवा 100 मतदार, यापैकी जी संख्या कमी ती गणपूर्ती. ठरावात नुसतं 'विकास व्हावा' लिहून भागत नाही. गट नंबर, लोकसंख्या, पाण्याची सोय, स्टेशन किंवा इंटरचेंजपासूनचं अंतर, शाळा, दवाखाना, गायरान हे सगळं लिहावं.
3. कुठली बागायत जमीन वगळावी तेही ठरावातच सांगावं.
4. ठराव जिल्हाधिकारी आणि नगररचना कार्यालयाला द्यावा, पोच घ्यावी. गाव प्राधिकरणाच्या हद्दीत असेल तर तिथेही द्यावा.
5. पेसा क्षेत्रातल्या गावांनी भूसंपादनाआधी ग्रामसभेशी सल्लामसलत व्हावी, असा आग्रह धरावा. तो कायद्याचा हक्क आहे.

शेतकऱ्याने काय तपासावं?
झोन दाखला आणि भाग नकाशा: आपला गट कुठल्या झोनमध्ये आहे, त्यावरून रस्ता किंवा आरक्षण आहे का, हे यातून कळतं. सातबाऱ्यावरून ते कळत नाही.

हरकतीची तारीख: प्रारूप योजनेच्या नोटिशीत शेवटची तारीख दिलेली असते. हरकत लेखी, गट नंबरसह द्यावी आणि पोच जपून ठेवावी. तोंडी सांगितलेल्याची नोंद होत नाही.

बिगरशेती वापर: प्रारूप योजनेची नोटीस निघाल्यावर शेतीशिवाय दुसऱ्या वापरासाठी आधी परवानगी लागते (कलम 18). मात्र गावठाणाजवळच्या जमिनीसाठी जमीन महसूल संहितेत सध्या कोणती पद्धत आहे, हेही बघावं. त्यासाठी तहसील कार्यालयात विचारावं.

आरक्षण पडलं तर: अंतिम योजना अंमलात आल्यापासून 10 वर्षांत जमीन घेतली नाही तर मालकाला कलम 127 खाली नोटीस देता येते. त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण संपतं. नोटीस दिल्याशिवाय ते आपोआप उठत नाही.

गाव जाहीर होण्याआधी जमीन विकली तर वाढलेला भाव घेणाऱ्याच्या पदरात पडतो. आणि गाव जाहीर होणार या भरवशावर कर्ज काढलं तर योजना रखडली तरी हप्ते थांबत नाहीत. म्हणून झोन दाखला हातात येईपर्यंत इसारपावतीवर सही करू नये.