तलाव आणि खजिना

बाहेरगावच्या माणसाला कळंबा म्हटलं की जेल आठवतं, आणि आपल्याला तलाव! पावसाळ्यात सांडव्यावरून पाणी पडायला लागलं की निम्मं कोल्हापूर ते बघायला जातं. संस्थानाच्या काळात हा तलाव झाला तो शहराला पाणी मिळावं म्हणून. तलाव शहरापेक्षा उंचावर, त्यामुळे पाणी आपसूक उताराने मंगळवार पेठेतल्या टाकीत यायचं. त्या टाकीला लोकांनी नाव दिलं 'पाण्याचा खजिना'. काय नेमकं नाव आहे!

या जोडीत साठवणुकीचं सगळं शास्त्र आलं. खजिना आज-उद्याच्या गरजेपुरता, तलाव वर्षाचा. आषाढातलं पाणी चैत्रात प्यायचं असेल तर नुसता खजिना कितीही मोठा बांधून भागत नाही.

हे आठवायचं कारण म्हणजे सध्या जिकडे तिकडे चाललेली हायड्रोजनची चर्चा. जिथे विजेची तार पोचत नाही तिथे सोलर पॅनल लावायचे, दुपारी उरलेल्या विजेने पाण्याचं विघटन करायचं, निघालेला हायड्रोजन टाकीत भरायचा आणि लागेल तेव्हा फ्युएल सेलमधून परत वीज करायची. थोडक्यात, बॅटरी हा विजेचा खजिना आणि हायड्रोजन हा विजेचा तलाव.

ही कल्पना आजची आहे असं वाटत असेल तर तसं नाही बरं का. डेन्मार्कमध्ये आस्कोव्ह नावाच्या खेड्यात पॉल ला कूर हे शिक्षक होते. १८९१ साली त्यांनी तिथे वीज करणारी पवनचक्की उभारली. वाऱ्याचा काय भरवसा? म्हणून त्यांनी त्या विजेने हायड्रोजन करून टाकीत साठवला आणि १८९५ ते १९०२ अशी सात वर्षं शाळेत त्या गॅसचे दिवे लावले. टाकी १२ घनमीटरची, म्हणजे वजनाने जेमतेम एक किलो हायड्रोजन! हायड्रोजनमध्ये थोडा ऑक्सिजन मिसळला की स्फोट व्हायचा आणि शाळेच्या खिडक्यांच्या काचा फुटायच्या. काचा पुन्हा बसवायच्या आणि दिवे लावायचे, असा तो संसार. पुढे बॅटऱ्या आल्या आणि हायड्रोजन मागे पडला.

त्यानंतर १९२३ साली जे. बी. एस. हॉल्डेन यांनी केंब्रिजमधल्या एका व्याख्यानात सांगितलं की चारशे वर्षांनी इंग्लंडभर पवनचक्क्या असतील आणि त्यांची वीज हायड्रोजनच्या रूपाने जमिनीखाली साठवली जाईल. हेच हॉल्डेन पुढे भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले.

प्रत्यक्षात चारशे वर्षं थांबावं लागलं नाही. २००४ साली नॉर्वेच्या उत्सिरा बेटावर दहा घरांना वारा आणि हायड्रोजन यांच्यावर वीज मिळू लागली. हा प्रयोग सुमारे चार वर्षं चालला. जमतं हे सिद्ध झालं, पण परवडतं हे झालं नाही. मुख्य भूमीहून आलेली केबल बेटावर होतीच, तिच्याशी स्पर्धा कोण करणार!

आपल्याकडे याचं उदाहरण म्हणजे घारापुरी. गेटवेवरून लाँच पकडली की तासाभरात जिथे पोचतो त्या बेटावरच्या तीन वाड्या कित्येक वर्षं संध्याकाळच्या काही तासांच्या डिझेल जनरेटरवर होत्या. समोर मुंबई झगमगतेय आणि इकडे जनरेटर बंद झाला की अंधार. शेवटी २०१८ च्या फेब्रुवारीत समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल आली. तार पोचते तिथे तारच जिंकते, हा या इतिहासातला पहिला धडा.

मग हायड्रोजन कुठे शोभतो? लडाखमध्ये चुशूलला. समुद्रसपाटीपासून साधारण ४,४०० मीटर उंची, हिवाळ्यात उणे तीसपर्यंत पारा. तिथल्या लष्करी ठाण्यासाठी एनटीपीसीच्या सौर-हायड्रोजन प्रकल्पाची पायाभरणी २०२४ साली झाली, बारा महिने चोवीस तास २०० किलोवॅट देण्यासाठी. तिथे डिझेलचा प्रत्येक पिंप घाट चढवून न्यावा लागतो आणि हिवाळ्यात पाणी गोठतं. तिथे हा महागडा तलाव शहाणपणाचा ठरू शकतो.

आता आपल्या सह्याद्रीकडे येऊ. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरीच्या डोंगरातली एकटी वस्ती घ्या. जून ते सप्टेंबर सूर्याचं तोंड दिसत नाही. नुसत्या बॅटरीवरचे सोलर दिवे नेमके तेव्हाच माना टाकतात. समजा एका घराला पावसाचे साठ दिवस रोज दीड युनिट कमी पडतं, म्हणजे एकूण ९० युनिट. हे बॅटरीत साठवायचं तर आपल्या घरी इन्व्हर्टरला असते तशा साधारण नव्वद बॅटऱ्या लागतील, कारण तसली बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं. हायड्रोजनमध्ये साठवायचं तर सहा किलो पुरे. पण एक किलो हायड्रोजन करायला पन्नासेक युनिट वीज जाते आणि परत मिळते सोळाच्या आसपास. म्हणजे तीनशे युनिट घालून नव्वद हातात! शिवाय दाब न देता ठेवायचा तर एवढा गॅस एक मोठी खोली भरून टाकेल.

आणि हे सगळं कोणत्या दिवसांसाठी? ज्या दिवसांत त्या घराच्या मागून ओढा धो धो वाहत असतो! सेकंदाला दोन लिटर पाणी दहा मीटर खाली पाइपातून आणलं आणि निम्मी ताकद वाया गेली तरी दिवसाला दोन युनिटच्या वर वीज मिळते. साठवायची गरजच उरत नाही. ऊन उन्हाळ्यात, पाणी पावसाळ्यात. निसर्गाने पाळी वाटून दिलेली आहे.

आपल्या भागाने पूर्वीपासून हेच ओळखलं होतं. १९१५ साली टाटांचं खोपोलीचं वीजघर सुरू झालं ते लोणावळ्याच्या बाजूला अडवलेल्या पावसाच्या पाण्यावर. शाहू महाराजांनी हाती घेतलेलं राधानगरीचं धरण स्वातंत्र्यानंतर पूर्ण झालं आणि त्याच्या पायथ्याशी वीजघर आलं. २००८ साली घाटघरला तर २५० मेगावॅटची सोय झाली, ज्यात जास्तीच्या विजेने पाणी वर चढवायचं आणि गरजेला खाली सोडायचं. हे सगळे विजेचे तलावच आहेत.

मला हायड्रोजनशी भांडण नाही. चुशूलला तो असावाच. काळजी वेगळीच वाटते. दूरच्या वस्तीला काही द्यायचं म्हटलं की सगळीकडे एकाच मापाची पेटी पाठवली जाते. आज बॅटरीची, उद्या हायड्रोजनची. ती बंद पडली की वस्तीतल्या पोराचा अभ्यास पुन्हा चिमणीच्या उजेडात, आणि वर "यांना वापरताच येत नाही" हा शेरा. वस्तीच्या मागून कुठला ओढा वाहतो आणि किती महिने वाहतो, हे तिथल्या म्हातारीला कुणी विचारलेलंच नसतं.

कळंब्याचा तलाव बांधणाऱ्यांनी आधी डोंगरातून येणारं पाणी बघितलं, उतार बघितला, मग बांध घातला. क्रम एवढाच आहे.