तुरुंगातून पत्नीकडे निघालेलं हस्तलिखित

आपल्या नगरच्या किल्ल्यात ऑगस्ट १९४२ पासून नेहरू, मौलाना आझाद असे नेते स्थानबद्ध होते, हे आपण शाळेत ऐकलेलं असतं. मौलानांनी तिथे एका स्नेह्याला पत्रं लिहिली, पण ती धाडायची सोय नव्हती. सुटकेनंतर १९४६ मध्ये त्यांचं पुस्तक झालं. मौलाना किल्ल्यात असतानाच, एप्रिल १९४३ मध्ये, त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या. किल्ल्यावरून जाताना आम्हाला त्याच आधी आठवतात.

तुरुंगातला कागद बाहेर जाऊ द्यायचा की नाही, हा प्रश्न पुढे स्वतंत्र भारतात एका मराठी माणसाने कोर्टात नेला. प्रभाकर पांडुरंग संझगिरी त्यांचं नाव. १९६२च्या भारत संरक्षण नियमांखाली सरकारने त्यांना मुंबईच्या तुरुंगात ठेवलं होतं. खटला नाही, शिक्षा नाही, नुसतं आत. तिथे त्यांनी सरकारच्याच परवानगीने 'अणूच्या अंतरंगात' हे विज्ञानाचं पुस्तक मराठीत लिहिलं. लिहायला परवानगी, छापायला पाठवायला मात्र नाही!

संझगिरी थेट कोर्टात गेले नाहीत. सप्टेंबर १९६४ मध्ये त्यांनी सरकारकडे अर्ज केला. नकाराचं पत्र आलं ते २७ मार्च १९६५ चं. मग त्यांनी तुरुंग अधीक्षकांकडे मागणी केली. तिथेही नाही. त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयात रिट अर्ज. सरकारला प्रतिज्ञापत्रावर उत्तर द्यावं लागलं, आणि आमच्या मते प्रकरण तिथेच फिरलं. पुस्तकाने देशाला धोका आहे, असं सरकारने त्यात म्हटलंच नाही. स्थानबद्धाला पुस्तक छापू देण्याचं आमच्यावर कायद्याने बंधन नाही, एवढंच म्हटलं. न्यायाधीशांनी पुस्तकाची अनुक्रमणिका पाहिली आणि हस्तलिखित मुंबईतल्या पत्नीकडे पाठवू द्या, असा हुकूम दिला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे ६ सप्टेंबर १९६५ रोजी न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी सांगितलं की स्थानबद्धतेच्या नियमांत जी बंधनं लिहिलेली आहेत तेवढीच घालता येतात. सरकारचं अपील फेटाळलं गेलं.

हा रिट अर्ज होता. सरकारवर नुकसानभरपाईचा दिवाणी दावा लावायचा, तर वाट वेगळी. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे आधी लेखी नोटीस द्यायची आणि दोन महिने थांबायचं. निकड असेल तर कोर्टाच्या परवानगीने नोटिशीविना दावा लावता येतो. कोर्ट फी भरायला पैसे नसतील, तर निर्धन म्हणून दावा लावू देण्याचा अर्ज करता येतो. वकिलाचं काय, हे आम्हाला नेहमी विचारतात. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने कोठडीतल्या माणसाला आणि कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मागता येतो, मिळकत कितीही असो. म्हणजे आत असलेल्या नवऱ्यालाही, आणि बाहेर कागद घेऊन हेलपाटे घालणाऱ्या बायकोलाही. त्यासाठी अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा. आणि अर्ज कुठेही द्या, त्याची एक प्रत आणि पोच घरी ठेवा.